तळ्याच्या वाटेवरची पाटी

सुरुवातीलाच माफी मागतो. लिहिणं हे माझं काम नाही. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, घरातला कॉलेजात गेलेला पहिलाच. अजूनही वर्गात एखादा प्रश्न विचारायचा झाला तर मी आधी तो मनातल्या मनात म्हणून बघतो, आणि तोवर तास संपतो. असल्या माणसानं आपल्या आठवणी लिहून दुसऱ्याला वाचायला द्याव्यात का, हे मला खरंच ठरवता येत नाही. वाक्यं जोडताना कुठं चुकलो असेन तर सांभाळून घ्या. मात्र ही माफी लिहिण्यापुरतीच आहे. जे शोधून काढलं त्याबद्दल मी कुणाची माफी मागणार नाही. ती मागावी असं मला सुचवून झालेलं आहे, आणि तेही अगदी गोड शब्दांत.

आमची वस्ती गावापासून बाजूला, बालाघाटाच्या उतारावर आहे. आम्ही मेंढरं राखणारी माणसं. थोडी कोरडवाहू जमीन आहे, पण घर चालतं ते मेंढरांवर. वस्तीच्या खाली एक पाझर तलाव आहे, त्याला आम्ही तळं म्हणतो. वस्ती आणि तळं यांच्या मधे मालकाचं रान. मालक म्हणजे आमच्या गावातले मोठे जमीनदार. निवडणुकीत कधी स्वतः उभे राहतात, कधी दुसऱ्याला उभं करतात. त्यांना नावानं कुणी हाक मारत नाही. त्यांच्या रानाच्या बांधाबांधानं एक वाट तळ्याकडे उतरते. माझ्या आजाच्या आधीपासून मेंढरं त्याच वाटेनं पाण्यावर जायची. मी चौथीत असताना ती वाट बंद झाली.

वाटेच्या तोंडाशी एक पत्र्याची पाटी उभी राहिली. पांढऱ्या रंगावर लाल अक्षरं होती: 'या रस्त्यास मा. कोर्टाची मनाई आहे.' खाली दाव्याचा नंबर आणि वर्ष. रंग चांगल्या प्रतीचा असावा, कारण इतक्या उन्हापावसात ती अक्षरं फिकी झाली पण गेली नाहीत.

पाटीच्या आधी काय घडलं होतं ते मला घरच्यांच्या बोलण्यातून कळलेलं. पावसाळ्यात कोर्टाचा बेलिफ वस्तीवर येऊन नोटीस देऊन गेला. मालकानं दावा लावला होता, आमची मेंढरं त्यांच्या रानातून जातात म्हणून. माझे थोरले चुलते, त्यांना आम्ही सगळेच तात्या म्हणायचो, ते तारखेला एकटेच गेले. संध्याकाळी परत आले आणि म्हणाले, "कोर्टानं मनाई दिली. वाट बंद झाली." दिवाळी झाल्यावर घरची माणसं नेहमीसारखी मेंढरं घेऊन गोदावरीच्या काठाला, गंगथडीला, निघून गेली. परत आली तेव्हा पाटी होती. त्यानंतर थोड्याच दिवसांत तात्या वारले.

आता एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं सगळं वेडेपणाचं वाटेल. आमच्यात एक रीत आहे. एखाद्याला आपल्या कुरणात दुसऱ्याची मेंढरं नको असतील, तर तो वाटेवर बाभळीची फांदी आडवी टाकतो. ती दिसली की मेंढरं वळवायची. भांडायचं नाही, कारण विचारायचं नाही. आणि ती फांदी ज्यानं टाकली त्यानंच उचलायची. वाळून तिचे काटे झडले, वाऱ्यानं ती अर्धी बाजूला सरकली, तरी दुसऱ्यानं तिला हात लावायचा नाही. गंगथडीच्या अनोळखी मुलखातसुद्धा आमची माणसं ही रीत पाळतात, म्हणून तिथले शेतकरी त्यांना आपल्या रानात बसू देतात. तात्यांनी आणि आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कोर्टाची मनाईही तशीच धरली. कोर्टानं वाट बंद केली आहे, उघडायची झाली तर कोर्टच माणूस पाठवून उघडील. तोवर आपण वळून जायचं. वस्तीवर या गोष्टीबद्दल कुणाच्या मनात शंका नव्हती. माझ्याही नव्हती.

वळून जायचं म्हणजे डोंगराच्या कडेनं डांबरी सडकेवर यायचं, सडकेनं पुलापर्यंत चालायचं आणि तिथून तळ्याच्या मागच्या अंगानं उतरायचं. साखर कारखाने सुरू झाले की त्या सडकेवरून उसाच्या गाड्या थांबत नाहीत. हॉर्न वाजला की मेंढरू बिचकतं आणि नेमकं नको तिकडे पळतं. दर हंगामात काही मेंढरं चाकाखाली जायची. मेलेलं मेंढरू आबा खांद्यावर टाकून आणायचे. तात्या गेल्यापासून गंगथडीला जाणं सुटलं होतं, कळप कमी झाला होता, आणि उन्हाळ्यात त्या तळ्याशिवाय जवळपास पाणी नव्हतं.

मागच्या दिवाळीला मी घरी गेलो तेव्हा माय चुलीपुढं बसली होती. मी पिशवी खाली ठेवायच्या आधीच ती म्हणाली, "तुझ्या बापानं मेंढरं द्यायची ठरवलीत. नांदूरघाटाकडचा व्यापारी बघून गेला. गुढीपाडवा झाला की गाडी आणतो म्हणलाय."

"सगळी?"

"सगळी. एक सुदीक ठेवायचं न्हाई म्हणतोय."

मी आबांकडे बघितलं. "आबा, कावून?"

"कावून म्हंजी? मेंढरं राखायची का सडकंवर गाड्या राखायच्या? गुडघा वर चढंना, खाली उतरंना."

"मग करणार काय तुमी?"

"बसतो की वट्ट्यावर. तू साहेब व्हणार, मी तुझी वाट बघत बसणार."

"बसतोय म्हणं!" माय म्हणाली. "पाव्हण्याच्या लग्नाला गेलतो, तर अक्षदा पडायच्या टायमाला हा माणूस मांडवाच्या मागं दुसऱ्याच्या शेळ्या वळत व्हता. मी हुडकून आणला. आन हा बसणार!"

माझी धाकटी बहीण हसली, आबाही हसले. पण रात्रीच्या जेवणाला त्यांनी अर्धीच भाकरी खाल्ली. मेंढरांशिवाय आबा काय करतील हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं, त्यांना तर मुळीच नाही. मी वाटेचा विषय काढला तेव्हा त्यांनी नुसता हात हलवला. "वाटंचं बोलू नगंस. ते कोर्टाचं हाय."

मी हॉस्टेलवर परत आलो. माझ्या खोलीत माझ्याबरोबर राहणारा जो मुलगा आहे, त्याच्या भावावर मारामारीची केस आहे. तो रोज सकाळी दात घासता घासता मोबाइलवर भावाची पुढची तारीख बघायचा. न्यायालयांची एक सरकारी साइट आहे, तिच्यावर केसची सगळी हालहवाल दिसते, हे मी महिनोन् महिने त्याच्या खांद्यावरून बघत आलो होतो. ते आपल्याही कामाचं असेल असं मात्र डोक्यात आलं नव्हतं. एका सकाळी आलं.

"याच्यावर जुनी केस बी दिसती का रे?"

तोंडात ब्रश ठेवूनच तो म्हणाला, "नंबर हाय का?"

नंबर होता. लहानपणापासून शाळेत जाताना-येताना वाचलेला, पाढ्यासारखा पाठ झालेला.

त्यानं मला राज्य निवडायला लावलं, मग जिल्हा, मग कोर्ट. मग दाव्याचा प्रकार, नंबर, वर्ष. शेवटी एका चौकोनात वेडीवाकडी अक्षरं येतात, ती ओळखून खाली लिहायची असतात. माझी ती चुकली. परत चुकली.

"तू माणूस हायस का यंत्र हायस ते बघत्यात त्यात," तो म्हणाला. "तुझं काय खरं दिसत न्हाई बे."

तिसऱ्यांदा अक्षरं जमली आणि पडद्यावर आलं, अशी नोंद सापडत नाही.

मी परत भरलं. परत तेच. नोंद नाही म्हणजे केसच नाही. म्हणजे पाटी खोटी. इतकी वर्षं आमची मेंढरं एका खोट्या पाटीसाठी सडकेवर मरत होती. मला एवढा आनंद आणि एवढा राग एकाच वेळी कधी आला नव्हता. शनिवारी मी पहिल्या एसटीनं वस्तीवर गेलो आणि चार माणसं बसली होती तिथं उभ्यानंच सांगून टाकलं, "पाटी खोटी हाय. कोर्टात असली केसच न्हाई. मी मोबाइलवर बघितलं."

मग आमच्या भावकीतले एक म्हातारे आहेत, नात्यानं आजा लागतात, त्यांनी तंबाखू मळता मळता विचारलं, "मोबाइलात न्हाई म्हंजी कोर्टात न्हाई व्हय रे?"

"हां आजा."

"मोबाइलात तर मी बी न्हाई. मग मी बी न्हाई का?"

सगळे खो खो हसले. मी लाजलो, पण त्यांचं खरं होतं. मला दिसलं नाही एवढंच मला माहीत होतं. तेवढ्यावर मेंढरं कोण नेणार?

आबा हसले नव्हते. ते म्हणाले, "कोणत्या कोर्टात बघितलंस?"

"आपल्या तालुक्याच्या."

"तवा आपल्या तालुक्याला कोर्ट कुठं व्हतं? तात्या शेजारच्या तालुक्याला गेलते. येताना गाडी चुकली म्हणून अर्ध्या वाटंतून चालत आलते."

मी मोबाइल घेऊन टेकडीवर गेलो, कारण वस्तीवर रेंज तिथंच येते. माझ्या मागं आबा आले, आबांच्या मागं बहीण. मी शेजारच्या तालुक्याचं कोर्ट निवडलं. तोच प्रकार, तोच नंबर, तेच वर्ष. चौकोनातली अक्षरं बहिणीनं ओळखली. पान उघडलं.

वरती वादी म्हणून मालकाचं नाव. खाली प्रतिवादी. पहिलं नाव तात्यांचं, आणि खाली तिसरं नाव आबांचं, इंग्रजी मोठ्या अक्षरांत, बापाच्या नावासकट. मी थांबलो. आबांचं पूर्ण नाव असं छापलेलं मी माझ्या शाळेच्या दाखल्याशिवाय कुठं बघितलं नव्हतं. मी त्यांना ते बोटानं दाखवलं.

"हे मी?"

"हां."

"मी केसमधी व्हतो?"

"व्हता की आबा."

"मला म्हायीत न्हाई," ते म्हणाले, आणि मोबाइलवर वाकून त्या अक्षरांकडे बघत राहिले. त्यांना वाचता येत नाही, तरी बघत राहिले.

खाली तारखांचा तक्ता होता. पहिल्या तारखेसमोर आदेश. मग पुढच्या तारखा, सगळ्यांसमोर एकच एक शब्द, तहकूब. शेवटी लिहिलं होतं की केस निकाली निघाली आहे, आणि कशी निघाली त्याचे दोन-तीन इंग्रजी शब्द. त्यांतून एवढं कळत होतं की कुणी तरी हजर नव्हतं. कोण, ते कळत नव्हतं. पहिल्या तारखेनंतर आमचं तर कुणीच गेलं नव्हतं. म्हणजे आम्ही गेलो नाही म्हणून आम्ही हरलो, असाही त्याचा अर्थ लागत होता. आबांनी तोच लावला. "झालं तर मग," ते म्हणाले आणि टेकडी उतरू लागले.

मी काय शोधतो आहे ते गावात कळायला वेळ लागला नाही. परतीच्या एसटीसाठी मी फाट्यावर उभा होतो तर मालकांची गाडी थांबली. त्यांनी काच खाली घेतली. कधी नव्हे ते माझ्या अभ्यासाची चौकशी केली.

"शिक बाबा. लई शिक. तुमच्यात कोणी शिकलेलं न्हाई, तू नाव काढ. काय अडचण आली तर मला सांग. पर हे वाटंबिटंचं डोक्यात घेऊ नगंस. जुनं झालंय ते. मोठ्या माणसाच्या कामात बोट घातलं, आता घरी जाऊन बापाला म्हण, चुकलं माझं. मिटलं."

मी "हो मालक" म्हणालो. तोंडातून तेच निघालं, सवयीनं. गाडी गेल्यावर मात्र मला वाटायला लागलं, जुनं झालं असेल आणि मिटलं असेल, तर गाडी थांबवून मला सांगायची एवढी गरज का पडली? आणि बोट घातलं म्हणजे काय केलं? ते पान सगळ्यांसाठी उघडं आहे. मला ते बघायला कुणाची चिठ्ठी लागली नाही, कुणाची ओळख लागली नाही. कलेक्टरच्या मुलाला जे पान दिसेल तेच मेंढरं राखणाऱ्याच्या मुलाला दिसलं. मी ते मालकांच्या खिशातून काढलेलं नव्हतं.

पुढच्या सोमवारी मी कॉलेज बुडवून आबांना घेऊन शेजारच्या तालुक्याच्या कोर्टात गेलो. आबांना मी कसं तयार केलं ते सांगत बसत नाही. माय म्हणाली, "जाय की, तिथं काय तुला खात्यात का?" त्यावर ते निघाले.

कोर्टाच्या आवारात टेबल टाकून बसलेल्या एका वकीलबाईंनी आम्हाला नकलेचा अर्ज कसा करायचा ते सांगितलं. नक्कल म्हणजे कोर्टाच्या शिक्क्याची प्रत. ती मिळायला वेळ लागतो. मी पुन्हा गेलो, पुन्हा गेलो, आणि एकदाची ती मिळाली तेव्हा आम्ही दोघं परत त्याच वकीलबाईंसमोर जाऊन उभे राहिलो. त्यांनी चष्मा लावून वाचलं.

"वादी गैरहजर. वादीचे वकील गैरहजर. पुकारा करूनही कोणी नाही. सबब दावा काढून टाकण्यात येत आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही नाही, समोरचेच आलेले नाहीत. दावा त्यामुळं गेला."

"आन मनाई?" आबांनी विचारलं.

"ती पुढच्या तारखेपर्यंतच होती. नंतर वाढवून घेतलेलीच नाही. आणि दावाच गेला म्हटल्यावर काय उरतं?"

"पण तिथं पाटी हाय, मॅडम," मी म्हणालो. "कोर्टाची."

"कोर्ट कधी पाट्या रंगवत फिरतं का? ज्यानं रंगवली त्याची ती."

आबा म्हणाले, "म्हंजी कोर्टानं फांदी उचलली?"

बाईंना कळलं नाही. मी आमची रीत सांगितली. त्यांनी ती नीट ऐकून घेतली, त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. त्या म्हणाल्या, "हो बाबा. कधीच उचलली. टाकली त्याच्या पुढच्याच वर्षी."

"मग सांगायला कावून आलं न्हाई कोणी?"

"कोर्ट असं घरी सांगायला येत नसतं."

"बंद करताना आलतं की," आबा म्हणाले.

बाईंनी चष्मा काढला. त्यांनी एवढंच बजावलं की समोरचा माणूस उद्या नवा दावा लावू शकतो, वाट वहिवाटीची आहे हे मग आपल्याला दाखवून द्यावं लागेल, आणि या खेपेला तारीख चुकवायची नाही.

एसटीत मी ती नक्कल परत परत वाचत होतो. मालक आपल्याच दाव्याला का गेले नाहीत, हे मला हळूहळू उमगलं. त्यांना निकाल नकोच होता. निकाल काहीही लागला असता. त्यांचं काम पहिल्या तारखेलाच झालं होतं, पाटीपुरतं. पुढचं सगळं काम आम्हीच केलं, दर दिवशी मेंढरं वळवून. कोर्टात केव्हाच संपलेला हुकूम आम्ही आमच्या पायांनी पाळत राहिलो. आमच्या चांगुलपणाची रीत त्यांना पाठ होती. लहानपणी ते आमच्याच माणसांच्या मागं रानात हिंडलेले आहेत.

दुसऱ्या दिवशी मी आणि आबा पाटीपाशी उभे होतो तेवढ्यात मालक रानातून आले.

"काय रे, कॉलेज बंद पडलं का?"

"न्हाई मालक. नक्कल आणलीय." मी कागद पुढं केला. त्यांनी तो हातात घेतला नाही, लांबूनच बघितला.

"जुनं हाय ते. मी परत केस टाकीन."

"टाका," मी म्हणालो. "टाकली की मला दिसंल. मी रोज सकाळी बघणार हाय. निकाल लागला तरी दिसंल. आता पाटी वाचून कोणी वळणार न्हाई, मालक. नंबर बघून वळंल."

ते आबांकडे वळले. "पोरगं लई बोलाया लागलं तुझं."

"शिकतंय की," आबा म्हणाले. "तुमीच म्हणलाव त्याला, लई शिक म्हणून."

मालक निघून गेले. मला वाटलं, आता झालं. पण संध्याकाळी पाण्यावर जायची वेळ आली तेव्हा आबांनी मेंढरं पाटीपर्यंत आणली, जरा थांबले, आणि सडकेकडे वळवली.

मी धावत त्यांच्यापुढं जाऊन उभा राहिलो. "आबा! आता कावून?"

"सर बाजूला."

"कागद हाय आपल्याकडं!"

"कागद तुला वाचता येतो, मला येत न्हाई. मला माझ्या मनाला सांगावं लागंल. इतकी वर्सं वळलेत हे पाय, ते एका दिवसात ऐकतेत व्हय?" मग जरा मऊ आवाजात म्हणाले, "तू जाय. तुझी परीक्षा हाय. व्यापाऱ्याला मी शब्द दिलाय, ते बी बघावं लागंल."

मी भांडून निघालो. नक्कल मायकडे दिली. तिनं ती पिठाच्या डब्यावरच्या फळीवर, देवाच्या शेजारी ठेवली.

नंतरचे दिवस मला चांगले आठवतात, पण त्यांत सांगण्यासारखं काही नाही. मी सकाळी उठून तोंड धुवायच्या आधी साइट उघडायचो, आता दोन्ही कोर्टं निवडून बघायचो आणि आबांचं नाव टाकायचो. नवी केस नव्हती. माझा सोबती म्हणायचा, "बे, तुझ्या बापाचं नाव तू देवासारखं घ्यायला लागलास." गुढीपाडवा झाला. घरून फोन यायचा तेव्हा माय जेवणाचं विचारायची, उन्हाचं बोलायची, मेंढरांचं नाव काढायची नाही. मीही विचारायचो नाही. गाडी येऊन गेली असेल तर ते फोनवर ऐकायची माझी तयारी नव्हती. परत कधीतरी घरी जाऊन मेंढरं कोंडायचा वाडगा रिकामा बघितला तरी चालेल, पण कुणाच्या तोंडून ऐकायला नको, असं वाटायचं.

परीक्षा सुरू झाली. एका पेपरनंतर बाहेर येऊन मी मोबाइल चालू केला, तर बहिणीचे फोन येऊन गेलेले. मी लावला.

"दादा, कुठं मेलतास? गाडी आलती."

मी जिन्यातच खाली बसलो. "मग?"

"मग काय मग? व्यापारी वट्ट्यावर बसला. माय म्हणली, मेंढरं रानात हाईत, च्या घ्या. घेतला. उन्हं कलली तरी आबांचा पत्ता न्हाई. मायनं परत च्या ठेवला. त्यो म्हणला, मावशे, मी च्या प्यायला गाडी करून आलतो का?"

"आबा कुठं होते?"

"सांगते की! मला मायनं बघायला धाडलं. मी सडकंला गेले, तिथं न्हाईत. पुलाला गेले, तिथं न्हाईत. मग वाटंनं खाली उतरले तर सगळी मेंढरं तळ्यावर. आबा गुडघाभर पाण्यात उभे, वर बघून मलाच म्हणतेत, तू कावून आलीस?"

"वाटेनं गेलते?"

"वाटंनंच. मालकाचा गडी बांधावर उभा व्हता. त्यो म्हणला, कोणाला इचारून आलास?"

"आबा काय म्हणले?"

"म्हणले, तुझ्या मालकाला सांग, मेंढरं उद्या बी येणार हाईत. केस टाकायची तर लौकर टाक म्हणावं, पोराची परीक्षा संपत आलीय."

माझ्या बाजूनं मुलं जिना उतरत होती, कुणीतरी पेपर कसा गेला म्हणून विचारलं. मी मान हलवली.

"आणि व्यापारी?"

"गेला की," ती म्हणाली. "रिकामी गाडी घेऊन."